बाग नंतर, आधी साडेबाराची वेळ

तुमचा प्रश्न मला कळला तसा आधी मांडते. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका पेठेत तुम्ही राहता. वाडे पाडून पाच-सहा मजली इमारती उभ्या राहताहेत, मागे दाट वस्ती आहे, मधे लाकडाची आणि भंगाराची दुकानं. लहान मुलं असलेली घरं एकेक करून आंबेगाव, कोंढवा, मांजरीकडे निघाली आहेत. गणपती मंडळाच्या खोलीशेजारी महापालिकेचा एक तुकडा रिकामा पडलाय, एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला ठेवलेल्या निधीतून, बारा लाख देऊ केलेत आणि तिथे मुलांसाठी बाग करायचा तुमचा विचार आहे. त्यात काय काय बसवावं आणि त्याने कुटुंबं टिकतील का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. नुसत्या बागेने टिकणार नाहीत. मी शिकले आर्किटेक्चर, पण गेली वीस-बावीस वर्षं बहुतेक काम पेठांमधलं आणि वस्त्यांमधलं आहे, आणि सुरुवातीला मीही बागाच केल्या. त्यातल्या एकीची आठवण अजून टोचते. रंगीत घसरगुंडी, दोन झोपाळे, कडेने लोखंडी जाळी, उद्घाटनाला हार-नारळ. पाऊस संपेपर्यंत झोपाळ्याची एक साखळी तुटली, रात्री पोरं दारू पितात अशी तक्रार गेली आणि फाटकाला कुलूप लागलं. चावी नेमकी कोणाकडे आहे हे शोधायला मला तीन दिवस लागले. एका कार्यालयातून दुसऱ्यात, तिथून ठेकेदाराकडे. ठेकेदाराचं काम संपलं होतं आणि त्याचा फोन लागत नव्हता. चूक अर्थात माझीच. कागदावर झाड कुठे, बाक कुठे हे सगळं होतं, चावीचा उल्लेख नव्हता.

त्यामुळे प्रश्न जरा वेगळा मांडून बघू. बाग नव्हती म्हणून तुमच्या पेठेतली मुलं दिसेनाशी झाली असं मला वाटत नाही. पेठेत बागा कधीच फार नव्हत्या. होता तो वाड्याचा चौक. चार बाजूंनी ओसऱ्या, मधे उघडी जागा, एखादा हौद नाहीतर तुळस, आणि भाजी निवडत बसलेल्या दोन तरी बायका. मूल खेळत असायचं आणि त्याच्यावर नजर ठेवणं हे कोणाचं वेगळं काम नव्हतं, ते होऊन जायचं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, दुरुस्ती मालकालाही परवडेना आणि भाडेकरूलाही, वाडे खचत गेले. आता त्याच जागेवर इमारत उभी राहते तेव्हा तळमजला पार्किंगला जातो. शंभर मीटर रस्ता चालून बघा, दोन्ही बाजूंना शटर आणि स्टिल्ट, म्हणजे पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर सोडलेला तळमजला. वर माणसं राहतात, पण रस्त्याकडे बघणारं खाली कोणी नाही.

नियमही इथे मदतीला येत नाहीत. २०२० ची जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्यात भूखंडाच्या दहा टक्के मोकळी जागा सोडण्याची अट चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीला लागते. वाड्याचा प्लॉट त्याच्या आसपासही जात नाही. म्हणजे एकामागून एक वीस वाडे पडले तर वीस चौक जातात आणि बदल्यात चौकासारखी एकही मोकळी जागा कोणाला सोडावी लागत नाही. यात बेकायदा असं काही घडत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न मी असा लिहीन: वाड्याचा चौक जे काम करायचा, ते आता पेठेत कोण, कुठे आणि कुठल्या वेळेला करणार? यातली वेळ सगळ्यात आधी बघा, कारण तिच्याकडे कोणीच बघत नाही.

तुमच्याकडची अंगणवाडी किती वाजता सुटते? मी काम केलंय तिथे बहुतेक ठिकाणी बारा-साडेबाराला. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांचं पोषण, लसीकरण, तीन वर्षांवरच्यांचं पूर्वशिक्षण असा तिचा आवाका. दिवसभर मूल सांभाळणं हा तिचा मूळ हेतू नाही. आणि वस्तीतली धुण्याभांड्याला जाणारी बाई आठला घर सोडते, चार घरं करून दोन-अडीचला परतते. साडेबारा ते अडीच मूल कुठे असतं? मोठ्या बहिणीजवळ, म्हणजे त्या बहिणीची शाळा बुडते. नाहीतर शेजारच्या म्हातारीजवळ, नाहीतर बोळात. इमारतीतल्या घरांची गोष्ट फार वेगळी नाही. आई-बाबा दोघं नोकरीला, आजी-आजोबा सिंहगड रोडला, पाळणाघर दोन किलोमीटरवर. मग ते आजी-आजोबांजवळच फ्लॅट बघतात. घर सोडून गेलेल्या ज्या कुटुंबांशी मी बोलले, त्यांतल्या कोणीही मला 'बाग नव्हती म्हणून गेलो' असं सांगितलं नाही. पाळणाघर, पार्किंग, पाणी आणि रस्त्याची भीती, ही कारणं पुन्हा पुन्हा आली.

म्हणून पहिला महिना पैशाला हात लावू नका. एक वही घ्या, मंडळातली दोन मुलं आणि दोन मुली बरोबर घ्या आणि तीन वेळांना रस्त्यावर बसा: सकाळी सात ते साडेआठ, दुपारी बारा ते अडीच, संध्याकाळी पाच ते साडेसात. लहान मूल कोणाबरोबर चाललंय, कुठे थांबतं, कुठे त्याला उचलून घ्यावं लागतं, एवढंच लिहायचं. उचलून घेण्याच्या जागा नीट लिहा. तीन वर्षांचं मूल स्वतः चालू शकत असताना आई त्याला कडेवर घेते, त्या जागी काहीतरी बिघडलेलं असतं. चेंबरचं झाकण नसतं, कुत्री बसतात, टेम्पो उलटा येतो, किंवा फूटपाथवर सलग स्कूटर लावलेल्या असतात.

स्कूटरवरून आठवलं. पुणे महापालिकेने ज्यात भाग घेतला तो 'अर्बन ९५' नावाचा उपक्रम तुमच्या कानावर आला असेल. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या नेदरलँड्समधल्या व्हॅन लीअर फाउंडेशनचा (आधीचं नाव बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशन) आहे. ९५ सेंटिमीटर म्हणजे तीन वर्षांच्या निरोगी मुलाची साधारण उंची, तेवढ्या उंचीवरून शहर बघा असं त्यांचं म्हणणं. मला हे आधी जाहिरातीसारखं वाटलं होतं. मग एकदा मोबाइल कमरेखाली धरून बोळातून व्हिडिओ काढत गेले. पूर्ण वेळ स्कूटरच्या सीटा आणि सायलेन्सर. उभ्या स्कूटरच्या रांगेमागचं मूल रिक्षावाल्याला दिसत नाही, मुलाला रिक्षा दिसत नाही. सायलेन्सरचा चटका लागलेली पोटरी तर पेठेतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाकडे सापडेल. हा व्हिडिओ तुम्हीही काढा. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दहा पानी निवेदनाने होत नाही ते दीड मिनिटाच्या व्हिडिओने होतं, असा माझा अनुभव आहे.

या पाहणीतून बहुधा एकच रस्ता पुढे येईल. अंगणवाडी किंवा बालवाडीपासून घरांपर्यंतचे तीन-चारशे मीटर. बारा लाखांतला पहिला मोठा वाटा मी तिथे वळवीन, म्हणजे तुमच्या पैशातून जे होईल ते तुम्ही करायचं आणि उरलेलं महापालिकेच्या पथ विभागाच्या, म्हणजे रस्त्यांच्या खात्याच्या, गळ्यात घालायचं. शाळेच्या दारात फूटपाथच्या पातळीला आणलेलं क्रॉसिंग, चेंबरची झाकणं, कोपऱ्यावर दहा-बारा फूट पार्किंगबंदीसाठी खांब, एक दिवा. फूटपाथ उंच करू देऊ नका. भारतीय रस्ते परिषदेची शिफारस आहे की काठाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, पण प्रत्यक्षात गुडघाभर उंच फूटपाथ बांधले जातात. त्यावर ना आजी चढते ना बाबागाडी. मग सगळे रस्त्यावरून चालतात आणि 'लोक फूटपाथ वापरतच नाहीत' असं ऐकून घ्यावं लागतं.

आता साडेबारा ते अडीच. इथे तुमच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे आणि ती तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिलीत: मंडळाची खोली. गणपतीचे दिवस आणि त्याआधीचा ढोल-ताशाचा, देखाव्याचा काळ सोडला तर वर्षभर तिथे कॅरम आणि टीव्ही. पुण्यातली कितीतरी मंडळं अभ्यासिका चालवतात, म्हणजे खोली वर्षभर वापरायची कल्पना नवी नाही. दुपारचे तीन तास तिथे लहान मुलांसाठी उघडा. वस्तीतल्याच दोन बायका, मानधन ठरवून. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची तरतूद आहे. तुमच्या भागात ते मिळू शकेल का हे बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा, पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसू नका. अंगणवाडी सेविकेला मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. तिच्याकडे प्रत्येक मुलाचं वजन, लसीकरण, घरची परिस्थिती आहे. तिला डावलून केलेला कोणताही उपक्रम ती शांतपणे पाण्यात घालू शकते, आणि तिचं चुकतं असंही मी म्हणणार नाही.

मंडळाशी कसं बोलायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तरी एक सांगते. 'खोली द्या' असं म्हणू नका. 'मंडळाने चालवायचं, आम्ही मदत करतो' असं म्हणा, आणि बोर्डावर मंडळाचंच नाव येऊ द्या. मी एकदा संस्थेचं नाव वर टाकायचा आग्रह धरला होता. पुढच्या नवरात्रात खोलीत मांडवाचे बांबू भरले गेले ते जानेवारीपर्यंत निघाले नाहीत.

इथे पैशाची खरी अडचण येते. सीएसआरवाल्यांना वस्तू द्यायला आवडतं, पगार द्यायला नाही. वस्तूवर नाव रंगवता येतं. बोलणी करताना बारा लाखांचे दोन भाग करायचा प्रयत्न करा. निम्मे बांधकामाला, निम्मे तीन वर्षांच्या मानधनाला आणि देखभालीला. असे भाग करायला ते तयार नसतील तर बांधकामाचा भार महापालिकेवर टाकून त्यांचे पैसे सगळेच्या सगळे चालवण्यासाठी मागा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आहे, एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा असायची. यंदाचा फॉर्म आणि मुदत क्षेत्रीय कार्यालयात विचारा, कारण मुदत पावसाळ्याच्या शेवटीशेवटी येते आणि गणपतीच्या गडबडीत हमखास निसटते. क्रॉसिंग, दिवे, बाक ही कामं या वाटेने होतात. दुसरी वाट नगरसेवकाच्या 'स' यादीची, म्हणजे त्याने सुचवलेल्या कामांसाठी अंदाजपत्रकात ठेवलेल्या पैशाची. ती जलद आहे, पण त्याबरोबर कमान आणि नावाची पाटी येते. येऊ द्या. फक्त कमानीचा खांब फूटपाथच्या मधोमध येणार नाही एवढं बघा.

शौचालयाचा विषय तुम्ही काढलेला नाही. वस्तीतल्या बायकांशी बोलाल तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत निघेल. सार्वजनिक शौचालयातलं भांडं मोठं, आत अंधार, रांगेत मोठी माणसं पुढे घुसतात, म्हणून लहान मूल बाहेर नाल्याच्या कडेला बसतं. त्यावर नंतर आपणच नाक मुरडतो. यावर उत्तर याच शहरात काढलं गेलंय. १९९९ नंतर पुण्यात वस्त्यांमधून मोठ्या प्रमाणावर शौचालयं बांधली गेली, तेव्हा वस्तीतल्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना आणि तिच्याबरोबर काम करणारी 'स्पार्क' ही संस्था यांनी बांधलेल्या कित्येक ठिकाणी मुलांसाठी वेगळी, छोट्या भांड्यांची, उघडी-हवेशीर जागा ठेवली होती. त्यासाठी फार खर्च लागत नाही. तुमच्या वस्तीतल्या शौचालयाची दुरुस्ती निघणार असेल तर दोन छोटी भांडी त्यातच बसवून घ्या. मला निवड करायला लावली तर घसरगुंडीच्या आधी मी हे करीन.

मग तो रिकामा तुकडा? तो सोडू नका, पण त्याचा कागद आधी बघा. पेठेत सातबारा नसतो, सिटी सर्व्हे नंबर घेऊन प्रॉपर्टी कार्ड काढा आणि जुन्या हद्दीचा २०१७ मध्ये मंजूर झालेला विकास आराखडा उघडून त्यावर आरक्षण कसलं आहे ते तपासा. पार्किंगचं किंवा दवाखान्याचं आरक्षण असेल तर तिथे पक्कं काही बांधूच नका. चार-पाच वर्षं वापरता येईल आणि उचलून नेता येईल असंच करा. यात कमीपणा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो फान आयिक या वास्तुरचनाकाराने महापालिकेच्या नोकरीत असताना हेच सुरू केलं. १९४७ मध्ये पहिलं मैदान झालं आणि पुढच्या तीस वर्षांत सातशेहून जास्त. पडीक प्लॉट, दोन घरांमधली फट, रस्त्याचा रुंद कोपरा, जे मिळेल ते. वाळूचा एक हौद, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, उड्या मारायला गोल दगड, कडेने बाक, आणि बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. पुढे त्यातली कितीतरी मैदानं इमारतींखाली गेली, पण तोवर त्यावर एक पिढी खेळून मोठी झाली होती. तुमच्यासाठी त्यातलं घेण्यासारखं म्हणजे कुंपण नसणं आणि कडेचे बाक. वाळूचा हौद मात्र इथे करू नका. मी केला होता, आठ दिवसांत पेठेतल्या समस्त मांजरांनी तो आपला मानला.

आणि एका बाजूला क्रिकेट होणारच. दहा-अकरा वर्षांपुढच्या मुली मैदानातून नाहीशा होतात त्या अशाच. त्यांना कोणी हाकलत नाही, चेंडू लागतो म्हणून त्या कडेला सरकतात आणि कडेवरून घरी जातात. मोठं एकसंध मोकळं मैदान ठेवलं की ते मोठ्या मुलांचं होतं. म्हणून जागा झाडाने, पायऱ्यांनी, बुटक्या कट्ट्याने तोडा. एक कोपरा असा हवा जिथे चेंडू पोचत नाही पण नजर पोचते. बायकांना बसायला कट्टा तिथेच, आणि त्याला पाठ हवी. बिनपाठीच्या कट्ट्यावर साठीची बाई दहा मिनिटांवर बसत नाही. ती बसली तर चौकाचं निम्मं काम झालं असं समजा.

काय कशावर अवलंबून आहे तेही सांगून टाकते. वस्तीचं पुनर्वसन येत्या दोन-तीन वर्षांत होणार असेल तर वरचं निम्मं बदलतं. तेव्हा रस्त्यापेक्षा संक्रमण शिबिर, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत राहायची तात्पुरती जागा, शाळेपासून किती लांब असेल यावर भांडा, आणि नव्या इमारतीत अंगणवाडीची खोली तळमजल्याला, दारात उघडी जागा ठेवून, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर अंगणवाडी पाचव्या मजल्यावर गेलेली मी पाहिली आहे. शेजारशेजारचे दोन-तीन वाडे एकत्र विकसित होणार असतील तर सह्या होण्याआधी बिल्डरकडे चौकाएवढी जागा मागायची हीच एक वेळ असते. आणि एक गोष्ट माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. परिसर सुधारला की भाडं वाढतं. पागडीवाल्याला, म्हणजे जुन्या कमी भाड्यावर कायम राहणाऱ्याला, त्याचा त्रास नाही, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाला आहे, आणि लहान मुलं बहुतेक त्यांच्याकडेच असतात. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच जमलंय की पाळणाघर सुरू झालं की कामाला जाणाऱ्या बाईचे दोन तास वाढतात आणि त्या पैशातून वाढलेलं भाडं काही घरांनी काढलं. सगळ्यांनी नाही.

थोडक्यात क्रम असा: महिनाभर वही, मग अंगणवाडीचा रस्ता, मग मंडळाच्या खोलीत दुपारचे तीन तास, शौचालयाचं काम निघेल तेव्हा छोटी भांडी, आणि मोकळा तुकडा सगळ्यांत शेवटी. कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी एका कागदावर तीन नावं: चावी कोणाकडे, झाडू कोण मारणार, तुटलं तर पैसे कुठून. तिसऱ्या नावापुढे 'महापालिका' असं लिहू नका, खात्याचं नाव लिहा. उद्यान विभाग, पथ विभाग आणि मालमत्ता व्यवस्थापन विभाग ही तीन वेगळी दारं आहेत आणि प्रत्येक दार तुम्हाला बाकीच्या दोघांकडे पाठवतं.

शेवटी तुम्ही विचारलेलं, घसरगुंडी लोखंडी की फायबरची. तुकड्यावर कडुलिंब आहे म्हणालात. फायबर उन्हाने तडकतं आणि त्याच्या कपच्या मांडीत घुसतात, लोखंडी पत्रा एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो. मी कडाप्प्याची किंवा घोटलेल्या सिमेंटची, बुटकी, रुंद, दोन मुलं शेजारी बसून येतील अशी बांधून घेते. खालच्या टोकाला रबरी मॅटऐवजी खोदून भुसभुशीत केलेली माती. तोंड उत्तरेला आणि दुपारी कडुलिंबाची सावली जिथे पडते तिथे. ती जागा खडूने आखायची असेल तर बरोबर साडेबाराला जा.